समुद्र म्हणजे नदी नव्हे

थंडी पडू लागली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, शनिवार-रविवार कोकणात चाललोय, सोबत काही गोळ्या देता का?" मी उलटी, जुलाब, ताप यांच्या गोळ्या देतो. मधुमेहाची आणि रक्तदाबाची रोजची औषधे सहलीतही चुकवू नका, असे बजावतो. पाण्याविषयी मात्र मी कधी काही सांगत नव्हतो. गेल्या डिसेंबरपासून सांगू लागलो आहे. त्याचे कारण आज वाचकांपुढे मांडतो.

आम्ही शाळेतले सहा वर्गमित्र, सगळे पन्नाशी ओलांडलेले. बायका-मुलांना घरी ठेवून दोन दिवस निवांत काढायचे ठरले. कऱ्हाडहून पहाटे निघालो आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर गाठले. व्याडेश्वराचे दर्शन घेतले, सुरूच्या सावलीत शाळेतल्या मास्तरांच्या नकला झाल्या. दुपारी तळलेली सुरमई आणि सोलकढी. जेवणाआधी बीअरच्या बाटल्या उघडल्या. मीही एक ग्लास घेतला, हे लपवत नाही.

दोनच्या सुमारास आमचा बँकेतला मित्र पाण्यात उतरला. लहानपणी कृष्णेच्या पुरात उड्या टाकणारा हा गडी. पट्टीच्या पोहणाऱ्याला काय सांगायचे, म्हणून मी गप्प बसलो. थोड्या वेळाने पाहतो तर तो बराच आत. तोंड आमच्याकडे, पण अंतर वाढतच चाललेले. तो ओरडत नव्हता, हातही हलवत नव्हता. आम्हाला वाटले, मजेत आहे.

शेजारी जाळे दुरुस्त करत बसलेले एक वयस्क नाखवा एकदम उठले. "तो परत येत नाहीये, त्याला ओढ लागलीय," म्हणाले. आमच्यातला एकजण शर्ट काढून धावला, तर त्यांनी त्याचे मनगट घट्ट धरले. "एक गेलाय, दुसरा नको." मग ते हाताने खुणा करत ओरडू लागले, "आडवा जा, आडवा!" मित्राला ते कळले हे आमचे नशीब. तो किनाऱ्याकडे येण्याची धडपड सोडून बाजूला सरकला. दीड-दोनशे पावलांवर लाटांनीच त्याला उथळ पाण्याकडे आणले. नाखवांनी रिकाम्या प्लॅस्टिकच्या कॅनला दोरी बांधून ती फेकली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला ओढून घेतले.

असे का झाले? नदीचा प्रवाह दिसतो, तो एका दिशेने जातो आणि कडेला काठ असतो. समुद्राचे तसे नाही. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात आणि ते पाणी कुठून तरी परत जावेच लागते. वाळूच्या बांधात जिथे खोलगट वाट सापडते, तिथून ते अरुंद पट्ट्याने जोरात आत जाते. हा वेग कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. त्याच्याविरुद्ध निष्णात जलतरणपटूही फार वेळ टिकत नाही. फसवी गोष्ट म्हणजे याच पट्ट्यात लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत, गडद पाणी. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो.

त्यात आमची वेळही चुकली. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ मिळते. त्या दिवशी द्वादशी होती. म्हणजे नऊच्या सुमारास भरती आणि तीनला पूर्ण ओहोटी. आम्ही दोनला, म्हणजे पाणी बाहेर ओढले जात असतानाच, तिथे होतो. घाटावरच्या माणसाला हा हिशेब ठाऊक नसतो, पण किनाऱ्यावर कुणालाही विचारता येतो. आम्ही विचारला नाही.

ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे तिचा जोर ओसरतो. माणूस बुडतो तो बहुधा दमल्यामुळे आणि घाबरल्यामुळे. म्हणून अशा वेळी तिच्याशी झुंजू नये. पाठीवर तरंगावे, हात वर करून खूण करावी, किनाऱ्याला समांतर सरकावे आणि ओढीतून सुटल्यावर लाटांबरोबर परत यावे.

दारूचा भाग वेगळा सांगायला हवा. दारूने धाडस वाढते, ताकद नाही. अंतराचा अंदाज चुकतो, तोल जातो, हालचाली मंदावतात. श्वासनलिकेत पाणी शिरू नये म्हणून शरीर जी झटपट प्रतिक्रिया देते, तीही सुस्त होते. पोहण्याआधी एक ग्लासही नको, हे मी त्या ग्लासासकट सांगतो आहे.

बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा "वाचवा, वाचवा" ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असते. मिळालेला क्षण श्वासातच जातो, ओरडायला हवा उरत नाही. हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. म्हणून गप्प झालेल्या माणसाकडे आधी पाहावे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. तेही मजेसाठीच आलेले होते.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आपल्याकडे त्याला पालथे घालून पोट दाबतात, पाय धरून उलटे करतात. हे करू नये. मुख्य प्रश्न पोटातल्या पाण्याचा नसून मेंदूला न मिळणाऱ्या प्राणवायूचा असतो. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. पोट दाबले तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात.

करायचे ते असे. हाक मारा, हलवून पाहा. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर एकाला १०८ला फोन करायला लावा आणि माणसाला उताणे झोपवा. कपाळ मागे दाबून हनुवटी वर उचला. नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्या, छाती वर येते का ते बघा. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी ३० दाब द्या. मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत किंवा तो श्वास घेऊ लागेपर्यंत थांबू नका. श्वास चालू पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा.

आता आमच्या मित्राचे. बाहेर आल्यावर तो खोकत होता, पण "मला काही झालेलं नाही, जरा पडतो," म्हणाला. मी घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला अठ्ठावीस. शांत बसलेल्या माणसाचे साधारण बारा ते वीस असतात. फुप्फुसातल्या लहान फुग्यांना आतून एक पातळ थर असतो, तो त्यांना मिटू देत नाही. थोडेसे पाणी आत गेले तरी हा थर बिघडतो आणि त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो. मी त्याला झोपू दिले नाही. चिपळूणच्या रुग्णालयात नेले. रात्रभर प्राणवायू लावावा लागला, दुसऱ्या दिवशी घरी सोडले. पाण्यात गटांगळ्या खाल्लेल्या माणसाला खोकला, धाप, छातीत दुखणे किंवा गुंगी असेल तर खोलीवर झोपवू नका, डॉक्टरांकडे न्या. बरा वाटत असला तरी सहा ते आठ तास एकटा सोडू नका.

सहलीला निघताना एवढे ध्यानात ठेवा. स्थानिकांना विचारल्याशिवाय आणि धोक्याचा फलक असेल तिथे उतरू नका. ओहोटी लागलेली असताना, अंधारात, दारू घेऊन पाण्यात जाऊ नका. पोहता येत असले तरी कमरेच्या पुढे नको. काठावर एकजण फक्त लक्ष ठेवायला बसू द्या. कुणी अडकले तर मागे उडी न टाकता दोरी, रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब फेका.

परतताना आम्ही नाखवांना पैसे देऊ केले. त्यांनी हात जोडून नाकारले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी याल तेव्हा आधी मला विचारा." येत्या डिसेंबरमध्ये आम्ही सहाहीजण पुन्हा जाणार आहोत. त्यांना विचारूनच पाण्यात पाय घालू.