येथे राहायला आलेले परदेशी

महाराष्ट्रातील कितीतरी विहारांत आज थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. त्यामुळे त्या देशाविषयी आपल्या मनात एक जिव्हाळा असतो. परंतु युरोप-अमेरिकेतील हजारो गोरे लोक थायलंडमध्ये कायमचे राहायला गेले आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ते तिकडे कसे राहतात हे समजून घेताना आपल्याकडे येऊन राहिलेल्या परदेशी माणसांची आठवण झाली. या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांपुढे एकत्र ठेवाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

थायी लोक गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात. आपल्या ‘फिरंगी’ या शब्दाचाच हा भाऊबंद. (गंमत अशी की थायी भाषेत पेरूलाही फरांगच म्हणतात.) निवृत्त झालेले गोरे चियांग माई, पट्टाया, हुआ हिन अशा ठिकाणी घर करतात, कारण मायदेशच्या पेन्शनीत तिथे ऐसपैस राहता येते. त्यासाठी वयाची पन्नाशी उलटलेली असावी लागते आणि थायी बँकेत आठ लाख बाहतची ठेव किंवा दरमहा ६५ हजार बाहतचे उत्पन्न दाखवावे लागते. मुक्कामाची मुदत दरवर्षी वाढवून घ्यायची आणि दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा. जमीन सहसा परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. ज्याची बायको थायी, त्याच्या घराखालची जागा बायकोच्या नावावर. बँकेच्या काउंटरमागे उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला यातला अर्थ चटकन कळतो. ठेव आहे तोवर तुम्ही आहात!

ही मंडळी तिथल्या जेवणाचे, हवेचे, लोकांच्या हसऱ्या स्वभावाचे कौतुक करतात. तक्रारीही असतात. कागदपत्रांचा जाच फार, राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाला प्रवेशफी जास्त, आणि वीस वर्षे राहिले तरी आपण फरांगच. तक्रार खोटी नाही. पण वीस वर्षे राहून ज्याने गावच्या दुकानावरची पाटी वाचण्याइतकीही थायी लिपी शिकली नाही, त्याने ही तक्रार कोणाकडे करावी?

त्याच देशात दुसऱ्या प्रकारचे फरांगही आहेत. ईशान्य थायलंडमध्ये उबोन रात्चथानीजवळ ‘वात पा नानाचात’ हा अरण्यविहार आहे. परदेशी भिक्खूंच्या शिक्षणासाठी अजान चा यांनी १९७५ साली तो सुरू केला. (अजान म्हणजे आपला आचार्य.) अमेरिकेत जन्मलेले अजान सुमेधो तेथील पहिले प्रमुख. तिथले गोरे भिक्खू पहाटे तीनला उठतात, अनवाणी पायांनी खेड्यात भिक्षेला जातात आणि दिवसातून एकदाच जेवतात. भात वाढणारी म्हातारी त्यांचा पासपोर्ट विचारत नाही.

आता आपल्याकडे वळू. फार लांब जायला नको. आपल्याच दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना रमाबाईंनी तिथे आसरा दिला. मिनी अब्राम्स ही अमेरिकन बाई १८९८ मध्ये त्यांच्या मदतीला आली आणि पुढेही परदेशी बायका येत राहिल्या. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो आपला मार्ग नव्हे. पण ज्या मुलींना कोणी दारात उभे केले नाही त्यांच्यात त्या राहिल्या, एवढे मान्य करायला आपले काही जात नाही.

आपल्या चळवळीशी जोडलेले पहिले मोठे नाव भदंत संघरक्षित यांचे. जन्म १९२५, लंडन. मूळ नाव डेनिस लिंगवुड. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून ते भारतात आले, पुढे भिक्खू झाले आणि कालिम्पाँगला राहिले. बाबासाहेबांना ते १९५२ पासून भेटत होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते नागपुरात पोहोचले आणि त्याच दिवशी महापरिनिर्वाणाची वार्ता आली. दीक्षा घेऊन दोन महिनेही न झालेला समाज पोरका झाला होता. त्या रात्री कस्तुरचंद पार्कवरील शोकसभेत ते बोलले आणि पुढच्या चार दिवसांत वस्त्यावस्त्यांतून त्यांनी सुमारे चाळीस भाषणे केली. भाषा इंग्रजी, दुभाषी सोबत. तरी लोकांनी ऐकले.

त्यांचे इंग्रज शिष्य धम्मचारी लोकमित्र १९७७ मध्ये पुण्याला योगाचार्य अय्यंगारांकडे योग शिकायला आले होते. त्याच वर्षी धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनी ते नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. तिथला लाखोंचा समुदाय पाहून त्यांचा बेत बदलला. १९७८ पासून ते पुण्यात राहू लागले आणि १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम उभे राहिले. दापोडीचा महाविहार, भाज्याचे शिबिर केंद्र, बहुजन हिताय संस्थेची वसतिगृहे, नागपूरचे नागलोक ही त्यातूनच झालेली कामे. धम्मदीक्षा एका दिवसाची नसून धम्म रोजच्या आचरणात, ध्यानात यायला हवा, हे त्यांचे आग्रहाचे सांगणे. डोळे मिटून बसल्याने अत्याचार थांबतात का, असे आपल्यातील काही कार्यकर्ते तेव्हा विचारीत. प्रश्न रास्त होता. पण त्याच लोकांनी चालवलेल्या वसतिगृहांतून खेड्यापाड्यांतली मुले शिकून बाहेर पडली, हेही उत्तरात धरले पाहिजे.

आपल्या शेजारच्या फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी तर आयुष्याची उमेदीची वर्षे दिली. अमेरिकेतून त्या फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला १९६६ च्या सुमारास आल्या. कोणत्या जातीचा माणूस कशी मराठी बोलतो, हा अभ्यासाचा विषय. म्हणजे वस्तीवस्तीत जाऊन ऐकत बसणे आले. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आले की दलित वस्तीतील मुले शाळेत जातात, पण त्यांना वाचता येत नाही. मग त्या स्वतःच शिकवायला बसल्या. १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, प्रगत शिक्षण संस्था काढली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. शाळेचे माध्यम मराठी! इंग्रजी जिची मातृभाषा ती बाई मुलाने आधी मराठीत वाचायला शिकावे असे सांगते, आणि आपण कर्ज काढून पोरांना इंग्रजी माध्यमात घालतो. इंग्रजी आपल्या मुलांना हवीच, याबद्दल माझे दुमत नाही. पण चौथीतल्या मुलाला कोणत्याच भाषेत धड वाचता येत नसेल तर दोष कोणाचा? गावात त्यांना मॅडम नव्हे, मॅक्सीनमावशी म्हणत.

डॉ. गेल ऑम्वेट यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. जन्म १९४१, अमेरिकेतील मिनियापोलिस. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीवर त्यांनी बर्कले विद्यापीठात १९७३ मध्ये पीएच.डी. मिळवली. भारत पाटणकरांशी विवाह करून त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावला राहू लागल्या. सासूबाई इंदूताई पाटणकर स्वातंत्र्यलढ्यातल्या. १९८३ मध्ये गेलबाई भारतीय नागरिक झाल्या. खेड्यातले घर त्यांनी पत्करले; मोर्चे, परिषदा आणि लेखन सारे तिथूनच.

त्यांची मते मात्र सोयीची नव्हती. डाव्या मित्रांना न रुचणारी खुल्या बाजाराची बाजू त्यांनी शेतकऱ्यांच्या हितासाठी घेतली. १९९९ मध्ये नर्मदेच्या प्रश्नावर अरुंधती रॉय यांना खुले पत्र लिहून त्यांनी धरणविरोधाला हरकत घेतली. दुष्काळी भागातल्या माणसाने पाणी मागितले तर तो विकासाचा शत्रू कसा, हा त्यांचा रोख. खडकवासल्याच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या आणि कालव्यापासून दूर राहून टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्याला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. धरणग्रस्तांचे दुःख त्यांनी कमी लेखले, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. मलाही काही ठिकाणी तसे वाटते. पण कासेगावात राहणाऱ्या नागरिकाचे मत म्हणून ते खोडले जाई. ‘अमेरिकन बाईला काय कळते’ एवढ्यावर ते निकालात काढणे सोपे नव्हते.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘बुद्धिझम इन इंडिया’ हे २००३ सालचे पुस्तक आणि बाबासाहेबांच्या चळवळीवर आयुष्यभर अभ्यास केलेल्या एलिनॉर झेलियट यांचे ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ हे १९९२ सालचे, अशी दोन्ही पुस्तके संस्थेच्या वाचनालयासाठी घ्यावीत, अशी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. इंग्रजी जड जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी रविवारी सकाळी विहारात बसून एकेक प्रकरण मराठीत समजावून सांगायला मी तयार आहे.