पोतं उचला, पण कंबर सांभाळून



दिवाळीच्या तोंडावर खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरच्या बाजार समित्यांत सोयाबीनची आवक वाढते. हमालाच्या पाठीला उसंत नसते. दवाखान्यात असताना आणि आता वस्त्यांत फिरताना आम्ही एकच वाक्य ऐकतो, ‘लचक भरली, होईल बरं.’

माणूस कमजोर असतो म्हणून कंबर जात नाही. मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. ओझं अंगापासून जितकं लांब, तितका त्यांच्यावर ताण जास्त. वाकलेल्या स्थितीत कंबर पिळली, की चकती सरकून नस दाबली जाऊ शकते. मग कळ थेट पोटरीपर्यंत जाते.

म्हणून एवढं करा:

• पाय थोडे फाकवा, गुडघे वाकवा, पोतं पोटाशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा.
• वळताना पाय वळवा, कंबर नको.
• जमिनीवरचं पोतं दोघांनी उचला. पाठीवर घ्यायचं तर ओट्यावरून घ्या.
• लांब न्यायचं असेल तर हातगाडी वापरा.
• बांधकामावरच्या भगिनींनी घमेलं अर्धंच भरावं. बाळंतपणानंतर लगेच जड ओझं उचललं तर अंग बाहेर येण्याचा धोका असतो.

कमरेला पट्टा बांधला म्हणून जास्त वजन पेलत नाही. दुखऱ्या पाठीवर कुणाला पाय देऊ देऊ नका. रोज दुखण्याची गोळी घेऊन कामावर जाऊ नका, मूत्रपिंडाला इजा होते. साध्या लचकेत दिवसचे दिवस अंथरुणात न पडता हळूहळू चालतं राहावं. पण पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

मात्र सगळा भार हमालाच्या काळजीवर टाकून चालणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली, स्त्रियांसाठी त्याहून बरीच कमी. त्याहून जड पोतं एकट्याच्या पाठीवर देणं बंद झालं पाहिजे. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. नोंदणी असलेल्या हमालाची मजुरी, भविष्य निर्वाह निधी, उपदान हे माथाडी मंडळामार्फत मिळतं. नोंदणी नसेल तर कंबर मोडल्यावर हमालाच्या हाती काहीच उरत नाही.

तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी चार-पाच जण मिळून बुलढाण्याच्या कामगार कार्यालयात जा आणि नोंदणीची चौकशी करा. अर्ज लिहायला आम्ही सोबत बसू.