अल्पायुष्य आणि कीर्ति

एखादा गुणी नट किंवा गवई ऐन उमेदींत निवर्तला म्हणजे हळहळणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य बहुधा ठरल्याप्रमाणें निघतें: "गेला खरा, पण नांव करून गेला." ह्याच्या उलट, एखादा वयोवृद्ध कलावंत थकल्या गळ्यानें रंगभूमीवर उभा राहिला कीं तेच लोक कुजबुजतात, "ह्यांनीं वेळींच थांबावयास हवें होतें." ह्या दोन उद्गारांच्या मागें समजूत मात्र एकच आहे. कलावंताच्या कीर्तीला अल्पायुष्य पोषक आणि दीर्घायुष्य मारक, ही ती समजूत. ती कितपत खरी आहे ह्याचा विचार आज, श्रोतेहो, आपल्यापुढें मांडावयाचा आहे. विषय मरणाचा दिसला तरी त्याचा खरा संबंध जिवंत माणसांशीं आहे. आपल्यांतील वृद्ध कलावंतांशीं आपण कसे वागतों, हें पुष्कळसें ह्या समजुतीवर अवलंबून असतें.

अशा प्रश्नांत नुसत्या तर्कानें भागत नाहीं. उदाहरणें पडताळून पाहावीं लागतात. पण तेथेंही एक अडचण येते. लवकर गेलेला एक कलावंत आणि पुष्कळ जगलेला दुसरा, ह्यांचे काळ वेगळे, प्रेक्षक वेगळे आणि गुणही वेगळे. मग त्यांच्या कीर्तींतील फरक आयुष्यामुळें पडला कीं गुणांमुळें, हें सांगावें कसें? सुदैवानें मराठी रंगभूमीच्या इतिहासांत एक जोडी अशी आहे कीं, ती जणूं ह्याच प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं एका रात्रीं एका रंगमंचावर उभी राहिली होती.

ती रात्र ८ जुलै १९२१ ची. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श ह्या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनीं मिळून मुंबईच्या बालीवाला थिएटरांत खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. 'संयुक्त मानापमान' ह्या नांवानें हा प्रयोग आजही ओळखला जातो. त्या वेळीं बालगंधर्वांस नुकतीं तेहतीस वर्षें पुरीं झालीं होतीं, आणि केशवरावांचें एकतिसावें वर्ष संपत आलें होतें. वय जवळजवळ सारखें, नाटक एक, रात्र एक, आणि समोरचा प्रेक्षकही एकच. दोघांपैकीं उद्यां कोणाचें नांव अधिक राहील, असें त्या रात्रीं कोणी विचारलें असतें, तर डावें-उजवें करणें जाणत्या रसिकासही कठीण गेलें असतें.

त्यानंतर तीन महिने पुरे होण्याच्या आंत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव विषमज्वरानें पुण्यास वारले. एवढ्या लहानशा आयुष्यांत त्यांनीं केलेली कामगिरी मात्र लहान नव्हती. पोरवयांत स्वदेशहितचिंतक मंडळींत त्यांनीं रंगविलेली देवलांची शारदा गाजली. वयाच्या अठराव्या वर्षीं, म्हणजे १ जानेवारी १९०८ रोजीं, हुबळीस त्यांनीं स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. वरेरकरांचीं 'हाच मुलाचा बाप' आणि 'संन्याशाचा संसार' हीं त्या काळच्या सामाजिक प्रश्नांना हात घालणारीं नाटकें त्यांनींच रंगभूमीवर आणिलीं. पण केशवरावांची चाळिशी महाराष्ट्रानें पाहिली नाहीं. त्यांचा गळा कोठवर टिकला असता, त्यांची मंडळी कोठवर चालली असती, ह्याचा हिशेब काळानें मांडूंच दिला नाहीं.

बालगंधर्व त्यानंतर शेहेचाळीस वर्षें जगले, आणि त्यांचा हिशेब मात्र काळानें पैनपै मांडला. वैभवाच्या मागोमाग मंडळीवर कर्जाचा डोंगर आला. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट निघाला, आणि नाटकगृहांतला प्रेक्षक हळूहळू चित्रपटगृहाकडे वळूं लागला. १९३५ सालीं स्वतः बालगंधर्व प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' बोलपटांत संत एकनाथ झाले. १९३७ सालच्या 'साध्वी मीराबाई' मध्यें त्यांनीं मीरेची भूमिका केली, तेव्हां ते पन्नाशीला टेकले होते. रंगभूमीवरील दिव्यांच्या प्रकाशांत आणि प्रेक्षकांच्या प्रेमांत जें वय लपून जात होतें, तें कॅमेऱ्यापुढें लपेना. पुढें शरीर थकलें, दैन्य आलें, आणि जुन्या नाटकांच्या प्रयोगांस येणारी मंडळी विरळ झाली. ज्यांनीं त्यांना १९२१ सालीं पाहिलें ते आणि ज्यांनीं १९४५ च्या सुमारास पाहिलें ते, ह्यांच्या आठवणी ऐकल्या म्हणजे हे दोन वेगळे नट असावेत असें वाटावें.

आतां निकाल काय? ती लोकप्रिय समजूत खरी असती तर आज केशवरावांचें नांव घरोघरीं असतें आणि बालगंधर्वांचें पुसट झालें असतें. प्रत्यक्षांत तसें झालेलें नाहीं. कुमार गंधर्वांसारख्या स्वतंत्र प्रतिभेच्या गायकास 'मला उमजलेले बालगंधर्व' असा कार्यक्रम करावासा वाटला. २०११ सालीं त्यांच्या चरित्रावर चित्रपट निघाला, आणि ज्यांच्या आजोबांनींही कदाचित् तीं नाटकें पाहिलीं नसतील अशा मुलांनीं तो पाहिला. केशवरावांचें नांवही मोठ्या आदरानें घेतलें जातें, विशेषतः त्यांच्या कोल्हापुरांत. पण 'बालगंधर्व' हा शब्द मराठींत एका माणसाचें नांव राहिलेला नसून एका युगाची खूण झालेला आहे. उतारवयांतील पंचवीस वर्षांना ती खूण पुसतां आली नाहीं. पिढी बदलली म्हणजे लोक कलावंताचा शेवट विसरतात आणि त्याचा उत्तम काळ तेवढा उचलून घेतात. उतारवयाचा डाग समकालीनांच्या डोळ्यांत असतो, आणि तो त्या डोळ्यांबरोबरच जातो.

मग अकालमृत्यूनें कलावंतास कांहींच मिळत नाहीं काय? मिळतें, पण तें काय, हें नीट पारखून घ्यावें. पहिली गोष्ट, मृत्यु त्याचें वय थांबवितो. धैर्यधराचा तो वेष उतरविण्यापूर्वींच जणूं पडदा पडतो, आणि स्मृतींत तो कायमचा तिशीचा राहतो. दुसरी गोष्ट, मृत्यु त्याला काळाच्या पालटापासून वांचवितो. बालगंधर्वांच्या ऱ्हासाचें सारें खापर त्यांच्या वयावर फोडणें न्याय्य नाहीं. त्यांतील मोठा वाटा बोलपटाचा, बदललेल्या अभिरुचीचा आणि नाटकमंडळ्यांच्या मोडलेल्या अर्थव्यवस्थेचा होता. त्या परीक्षेस बसण्याची पाळीच केशवरावांवर आली नाहीं. तिसरी गोष्ट, जीं वर्षें तो जगला नाहीं तीं आपली कल्पना भरून काढते, आणि कल्पना फार उदार असते. न झालेल्या प्रयोगांत कोणी कधीं बेसूर होत नाहीं, आणि न लिहिलेलें नाटक कधीं पडत नाहीं.

हे तिन्ही लाभ खरे असले तरी ते कीर्ति टिकविण्यास पुरे पडत नाहींत. मृत्यु मूर्ति घडवून ठेवील. पण ती पुढच्या पिढीपर्यंत उचलून नेण्यास जिवंत खांदे लागतात. भाऊराव कोल्हटकरांचें उदाहरण घ्या. किर्लोस्कर मंडळींतील शकुंतला आणि सुभद्रा ह्या त्यांच्या भूमिकांनीं एक पिढी वेडी केली. १९०१ सालीं, चाळिशीही न गांठतां, ते गेले. ग्रामोफोन कंपनीनें हिंदुस्थानांत पहिलें ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास केलें. म्हणजे अवघ्या एका वर्षाच्या अंतरानें तो आवाज तबकडीवर येण्याचा राहिला. ज्यांनीं तो ऐकला होता ते पुढील कित्येक वर्षें नव्या नटांची तुलना भाऊरावांशीं करीत राहिले. ते श्रोते एकामागून एक गेले, आणि त्यांच्याबरोबर तो आवाजही गेला. आतां नाट्येतिहासाच्या पानांतून भाऊरावांचें नांव आपल्याला भेटतें. त्यांचा सूर भेटत नाहीं. अकालीं मरणाचें पुण्य त्यांच्या पदरीं केशवरावांइतकेंच होतें, पण तेवढ्यानें भागलें नाहीं.

केशवरावांच्या बाबतींत खांदे मिळाले. त्यांच्यामागें ललितकलादर्श मंडळी बापूराव पेंढारकरांनीं चालविली, आणि बापूराव १९३७ सालीं गेल्यावर पुढें त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर ह्यांनीं ती परंपरा सांभाळली. भालचंद्र पेंढारकर २०१५ सालीं वारले, तेव्हां त्यांनीं नव्वदी ओलांडली होती. ज्या संस्थेच्या संस्थापकास एकतीस वर्षांचेंच आयुष्य लाभलें, तिचें नांव त्याच्या मृत्यूनंतर नव्वदांहून अधिक वर्षें जागतें राहिलें, तें अशा दीर्घायुषी माणसांमुळें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं बांधविलेलें पॅलेस थिएटर पुढें केशवरावांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, ती वास्तु आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली. त्या राखेपुढें ज्यांचे डोळे भरून आले, त्यांपैकीं एकानेंही केशवरावांना पाहिलेलें नसावें. नांव पोहोंचलें होतें तें ह्या अशा पोहोंचविणाऱ्यांकडून.

ह्याच गोष्टीचा दुसरा पुरावा एका घरांत सांपडतो. मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजीं पुण्यास वारले, तेव्हां त्यांना बेचाळिसावें वर्ष चालू होतें. त्यांचा मृत्यु अकालींच झाला. पण तो वैभवाच्या शिखरावर असतांना झाला नाहीं. त्यांची बळवंत संगीत मंडळी त्यापूर्वींच विस्कटली होती, आणि चित्रपटाच्या धंद्यांत हात घालून झालेल्या नुकसानीनें घर खचलें होतें. तेव्हां, लवकर जाणारा शिखरावरूनच जातो, हेंही सरसकट खरें नाहीं. दीनानाथांची तेजस्वी गायकी आज आपल्याला ठाऊक आहे ती कांहीं अंशीं त्यांच्या तबकड्यांमुळें, आणि पुष्कळ अंशीं त्यांच्या मुलांमुळें. थोरली कन्या लता वडिलांच्या मृत्यूच्या वेळीं अवघी बारा वर्षांची होती. ती ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं, बाण्णवाव्या वर्षाच्या पुढें जाऊन, निवर्तली. जवळजवळ ऐंशी वर्षें तिनें वडिलांचें नांव वाहिलें. आणि तिच्या स्वतःच्या कीर्तीस तर दीर्घायुष्यानें रतिमात्र उणेपणा आणिला नाहीं. बाप एकेचाळीस वर्षांचें आयुष्य घेऊन गेला, लेक बाण्णव वर्षांचें, आणि दोघेही दंतकथा झाले. ह्यावरून आयुष्याची लांबी हें कीर्तीचें माप नव्हे, एवढें तरी मान्य करावें लागतें.

शेवटीं एका तर्कदोषाकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. अकालीं गेलेले आणि अमर झालेले कलावंत आपण बोटांवर मोजून दाखवितों. पण अकालीं गेलेले आणि विस्मृतींत बुडालेले कोणी मोजतो काय? त्या काळीं नाटकमंडळ्यांतून गाणारीं शेंकडों मुलें गांवोगांव हिंडत होतीं. प्लेग होता, पटकी होती, १९१८ सालचा इन्फ्लुएंझा होता. त्यांत गुणी पोरें मेलीं नसतील असें कोण म्हणेल? त्यांचीं नांवें आज सांगतां येत नाहींत, हाच माझ्या म्हणण्याचा पुरावा. मरण त्यांनाही लवकरच आलें. पण त्यांच्यामागें ना मंडळी उरली, ना शिष्य, ना तबकडी, ना त्यांची गोष्ट सांगणारा म्हातारा. अशा विसरलेल्यांची संख्या हिशेबांत धरली म्हणजे अल्पायुष्य हा कीर्तीचा राजमार्ग आहे ही कल्पना आपोआप ढांसळते.

म्हणून माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. तरुणपणीं गेलेल्या कलावंताच्या कीर्तीचें ओझें बहुधा दीर्घकाळ जगलेल्या माणसांनीं वाहिलेलें असतें. जो म्हातारा गवई आपल्या गुरूची चीज थरथरत्या आवाजांत सांगतो, जो जुना नट अमक्या रात्रीं अमका कसा गायला होता याचें वर्णन करितो, त्याच्याच जिवावर आपल्या साऱ्या दंतकथा उभ्या असतात. अशा माणसास "ह्यांनीं वेळींच थांबावयास हवें होतें" असें म्हणणें हें कृतघ्नपणाचें तर आहेच, पण अव्यवहारीपणाचेंही आहे. तो थांबला तर पुढील पिढीस सांगावयास कोण उरणार? आपल्या गांवांत असा कोणी असेल तर त्याच्याकडे जाऊन बसावें, त्याचें गाणें आणि त्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, आणि त्याची परीक्षा त्याच्या आजच्या गळ्यावरून न करितां त्यानें आयुष्यभर दिलेल्या सगळ्यावरून करावी.

मान द्यावयाचा तर तो वेळेवर द्यावा, हेंही बालगंधर्वांच्याच चरित्रावरून कळतें. पुण्यास त्यांच्या नांवाचें रंगमंदिर बांधावयाचें ठरलें, तेव्हां १९६२ सालीं त्याचें भूमिपूजन त्यांच्याच हस्तें झालें. स्वतःच्या नांवाच्या वास्तूचा पाया स्वतःच्या हातानें घालण्याचें भाग्य फार थोड्या कलावंतांना लाभतें, आणि तें त्यांना लाभलें तें त्यांच्या दीर्घायुष्यामुळें. १५ जुलै १९६७ रोजीं ते गेले. रंगमंदिर उघडलें तें २६ जून १९६८ रोजीं, त्यांच्या जन्मदिवशीं. आणखी एक वर्ष मिळतें तर त्यांनीं तो पडदा वर जातांनाही पाहिला असता.