खाडीतले बारीक जीव

जवळा कुणाला ठाऊक नाही? कांदा-मिरची घालून परतला, की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. पण हा बोटाच्या पेराएवढा जीव जाळ्यात येतो कसा? कोळी लोक डोल जाळे लावतात. जाळ्याचे तोंड पाण्याच्या ओढीकडे करतात. ओढीबरोबर जवळा आपोआप आत येतो. तो पोहत नाही असे नाही. पण भरती-ओहोटीपुढे त्याचे काही चालत नाही.

असे पाण्याबरोबर वाहत जाणारे जीव समुद्रात अगणित आहेत. त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. प्लवक म्हणजे तरंगणारा. जवळा त्यांच्यातला थोरला. बाकीचे पुष्कळसे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. शाळेत असताना आम्ही मुलांना घेऊन ठाण्याच्या खाडीवर जात असू. बाटलीत पाणी घ्यायचे, उन्हात धरायचे आणि भिंगातून पाहायचे. आत पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारीत. मुले ओरडत, "गुरुजी, पाण्याला पिसवा झाल्या!" त्या पिसवा नव्हेत बरे का. ते कोळंबीचे दूरचे भाऊबंद.

आता असे पाहा. पाणी नेईल तिकडे जायचे, तर हे जीव सगळीकडे सारखेच सापडायला हवेत. पण तसे नाही. वसईला समुद्राच्या तोंडाशी जे दिसतात, ते सगळे कल्याणला दिसत नाहीत. ज्याच्या अंगी जो गुण, तशी त्याची जागा.

मिठाचेच घ्या. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते. उलट, मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात. समुद्रातला जीव गोड्या पाण्यात पडला, तर त्याची मनुकेसारखी गत होते. उल्हास नदीचे पाणी वर गोडे, खाली वसईकडे खारे. मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळते. पावसाळ्यात नदी फुगली, की गोडे पाणी खाऱ्याला खाली रेटते. मग निव्वळ समुद्रातले जीव तिथे टिकत नाहीत. खाडीतल्या काही जातींना मात्र अंगातले मीठ सांभाळता येते. त्या तग धरतात.

पण तग धरला तरी ओहोटी त्यांना समुद्रात ओढून नेणार, नाही का? त्यावर काहींनी युक्ती काढली आहे. ओहोटी लागली की ते तळाशी जातात. तिथे ओढ कमी असते. भरती आली की वर येतात. डोंबिवलीचा चाकरमानी उलट दिशेच्या गाडीत बसत नाही, तसेच हे. हातपाय लहान, पण वर-खाली होण्याचा गुण अंगी आहे.

चिंबोरीची गोष्ट याहून नवलाची. मोठी चिंबोरी खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी सुखाने राहते. पण तिच्या पिलांना कमी मिठाचे पाणी सोसत नाही. म्हणून अंडी फुटायची वेळ आली, की मादी समुद्राकडे जाते. पिले आधी चिंबोरीसारखी दिसतच नाहीत. अंगावर लांब काटे, शेपूट वळवळते, आणि पाण्याबरोबर तरंगत राहतात. काट्यांमुळे बारक्या माशांना ती गिळायला अवघड जातात. पुढे कात टाकीत ती चिंबोरीचे रूप घेतात आणि खाडीकडे परततात. म्हणजे आईची जागा एक, लेकरांची दुसरी.

या परतीच्या वाटेवर आम्ही माणसांनी अडचण करून ठेवली आहे. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी वालधुनी नदीतून कल्याणजवळ उल्हास नदीत येते. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. ज्याला प्राणवायू जास्त लागतो तो जीव आधी जातो. थोड्यावर भागवणाऱ्या दोन-चार जाती उरतात, आणि कधी कधी त्यांचीच बेसुमार वाढ होते. बाटली उन्हात धरली तर ठिपके भरपूर दिसतात. अजाण माणसाला वाटते, खाडी जिवंत आहे. पण भिंगातून पाहिले, तर सगळे ठिपके एकाच तोंडावळ्याचे! आणि चिंबोरीच्या पिलांना तिवरांकडे यायचे, तर याच पाण्यातून यावे लागते.