हापूसला जोड शोधताना

देवगडच्या कातळात सुरुंग लावून, खड्ड्यात बाहेरची माती भरून वाढवलेले हापूसचे कलम, राजापूरकडच्या डोंगरउतारावरचे कलम आणि आफ्रिकेतल्या मलावी देशातले, ज्याची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात येतात ते कलम, ही तिन्ही झाडे जनुकांच्या हिशेबाने एकाच झाडाच्या फांद्या आहेत. माती, वारा, पाणी बदलले की चव बदलते, पण मूळ झाड एकच. ते कोणते, कुठे उगवले, कोणी पहिल्यांदा त्याचे फळ चाखून ‘याचे कलम बांधा’ म्हटले, याची नोंद कुठेच नाही. पोर्तुगीज अमलात गोव्यात कलम बांधण्याची विद्या रुजली आणि अफोन्सो दि आल्बुकर्कचे नाव फळाला चिकटले, एवढाच धागा हाती लागतो.

म्हणजे ज्या फळावर कोकणाचे वर्षभराचे अर्थकारण उभे आहे, ते कोणी घडवलेले नाही. ते सापडले. पायरी, मानकुराद, लंगडा, दशहरी यांचीही कथा तीच. कोणाच्या तरी परसात, बांधावर कोय रुजली, झाड वाढले, फळ विलक्षण निघाले आणि जाणत्या माणसाने त्याचे कलम करून ठेवले. आपल्या देशात आंब्याची सुमारे हजार नावे सांगितली जातात. त्यातली बहुतेक अशीच निसर्गाने टाकलेल्या फाशातून आलेली आहेत.

जे निसर्गाकडून शेकडो वर्षांत घडले ते माणसाला हाताने करता येईल का, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात विचारला गेला. बर्न्स आणि प्रयाग या दोघांनी १९११ मध्ये पुण्यात आंब्याच्या संकराचे प्रयोग सुरू केले आणि पुढे मुंबई इलाख्यातल्या आंब्यावर एक पुस्तकही लिहिले. भारतातल्या आंबा-संकराचा इतिहास या दोन नावांपासून सुरू होतो. पण कोकणच्या बागायतदाराला ज्या ठिकाणाचे नाव माहीत आहे ते वेंगुर्ले. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र तिथे आहे आणि हापूसला जोड शोधण्याचे काम या केंद्राने अनेक दशके केले आहे.

जोड का शोधायची? हापूसची थोरवी सांगायला नको, पण त्याची दुखणी बागायतदारच जाणतो. एक वर्ष झाड लगडते, पुढच्या वर्षी नुसती पालवी काढून स्वस्थ बसते. मोहोरावर तुडतुडे, भुरी, करपा. थंडी लांबली तर कणी धरलेल्या झाडाला पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कणी गळून जाते. आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारे दुखणे म्हणजे साका. वरून फळ सोन्यासारखे, कापले की आत पांढुरका, आंबूस, स्पंजासारखा गर. ग्राहकाला तो घरी जाऊन कळतो, म्हणून बागायतदाराची पत जाते. फळ चौदा आणे तयार असताना उतरवले तर साका कमी होतो, हे कोकणात पूर्वापार ठाऊक आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यामागचे कारण कोयीत शोधले. आंब्याचे बी वाळून निजणारे नाही. हापूसमध्ये ते फळ झाडावर असतानाच रुजण्याची तयारी सुरू करते, आणि त्या धडपडीत गराची घडी बिघडते. चौदा आण्यांचा नियम म्हणजे बियाची ही घाई सुरू होण्याआधी फळ उतरवणे.

ही दुखणी औषधाने थोडी आवरतात, जातीतून काढायची तर संकर हाच मार्ग. तो मार्ग किती अवघड आहे हे आंब्याचे फूल जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारो फुले असतात. त्यातली बरीचशी नुसती नर, थोडी संयुक्त. फळ धरायचे ते संयुक्त फुलालाच. फूल ज्वारीच्या दाण्याएवढे, त्यात पाच पुंकेसर आणि पराग देणारा बहुधा एकच. संकर करणारा माणूस आदल्या संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या निवडतो, त्यातला पुंकेसर फुटण्याआधी चिमट्याने उपटतो, बाकीची नर आणि उमललेली फुले खुडून टाकतो आणि तुऱ्यावर तलम कापडाची पिशवी चढवतो. दुसऱ्या सकाळी पित्या झाडाचे ताजे परागकोश आणून ते या इवल्या कुक्षीवर टेकवायचे, पुन्हा पिशवी, आणि चिठ्ठी बांधून नोंद. हे सगळे शिडीवर उभे राहून, मोहोराच्या चिकट मधात बोटे माखत. मग वाट पाहायची. झाडावर आपोआप धरलेल्या फुलांपैकीही हजारात एखादेच फळापर्यंत पोहोचते, हाताने परागण केलेल्यांचे नशीब त्याहून चांगले नसते. मोहरीएवढी कणी गळते, वाटाण्याएवढी गळते, सुपारीएवढी झाल्यावरही गळते. हंगामभराच्या राबण्यातून मूठभर कोयी मिळाल्या तरी काम साधले म्हणतात.

त्या कोयी रुजवल्या की खरी परीक्षा. आंब्याच्या जनुकांत इतके मिश्रण साठलेले असते की एकाच आईबापाच्या दोन कोयींतून दोन वेगळी झाडे येतात. रोप फळाला यायला सहा-सात वर्षे, कधी दहा. जुन्या झाडाच्या फांदीवर त्याची काडी बांधली तर थोडी घाई होते. पहिले फळ आले म्हणून भागत नाही, दरवर्षी धरते का, साका येतो का, टिकते किती, हे पाहायला आणखी काही वर्षे जातात. एका संशोधकाच्या नोकरीच्या काळात असे दोन-तीनच डाव पुरे होतात. हाताने परागण करून ज्याने कोय रुजवली तोच नवी जात जाहीर होताना खुर्चीत असेल याची खात्री नसते. हे काम ज्यांनी केले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, आणि आपल्याकडे त्यांची नावे आंबा खाणाऱ्यांना माहीत नसावीत याचे वाईट वाटते.

वेंगुर्ल्याच्या मंडळींनी हापूसच्या जोडीला नीलम निवडला. दक्षिणेतला हा आंबा चवीला हापूसच्या पासंगाला पुरणारा नाही, पण दरवर्षी न चुकता धरतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनेही याच गुणासाठी नीलम दशहरीला जोडला आणि त्यातून मल्लिका, आम्रपाली या जाती आल्या. वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना आली. १९८१ मध्ये ती शेतकऱ्यांपुढे ठेवली गेली. फळ हापूसहून मोठे, गर घट्ट आणि रेषाविरहित, साका नाही, आणि झाड वर्षाआड रुसत नाही. कागदावर हापूसची सगळी दुखणी रत्नाने दूर केली होती.

पुढची पायरी याहून धाडसी होती. रत्नाचा संकर पुन्हा हापूसशी केला गेला आणि १९९२ मध्ये सिंधू आली. सिंधूची कोय कागदासारखी पातळ, नावापुरती. लोकांनी तिला बिनकोयीचा आंबा म्हटले. साका इथेही नाही, आणि बंगळुरूचा निष्कर्ष आठवला तर त्याचे नवल वाटू नये. जिथे रुजायला धडपडणारे भरलेले बीच नाही, तिथे गर नासवणार कोण? त्यानंतर नीलम-हापूसचाच संकर असलेली कोकण रुची आली, लोणच्यासाठी.

विद्यापीठाची कोकण सम्राट ही जात मला सगळ्यांत विलक्षण वाटते, तिच्या वंशावळीमुळे. १८८९ मध्ये मुंबईहून आंब्याची काही कलमे अमेरिकेच्या कृषी खात्याने फ्लोरिडात नेली. १८९५ च्या गोठवणाऱ्या थंडीत बहुतेक मेली. एल्ब्रिज गेल नावाच्या निवृत्त प्राध्यापकाने जपलेले, मलगोबा या नावाने गेलेले एक झाड वाचले. त्याच्या फळांची कीर्ती ऐकून जॉन हेडन या निवृत्त कप्तानाने त्याच्या कोयी आणून १९०२ मध्ये आपल्या आवारात पेरल्या. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या पत्नीने, फ्लॉरेन्सने, रोपे सांभाळली आणि १९१० मध्ये त्यातल्या एकाला लालबुंद फळ आले. तो हेडन आंबा. हेडनच्या वंशातून टॉमी अ‍ॅटकिन्स निघाला. चवीला बेताचा, पण रंगाने भुरळ घालणारा आणि बोटीच्या प्रवासात न खचणारा, म्हणून आज जगाच्या बाजारात तो जागोजागी दिसतो. या टॉमी अ‍ॅटकिन्सशी हापूसचा संकर करून कोकण सम्राट घडवली गेली. मुंबईच्या बंदरातून गेलेले रक्त शंभराहून अधिक वर्षांनी समुद्र ओलांडून कोकणात परतले.

एवढे झाले तरी आजही कोकणाच्या बागांत हापूसच आहे. रत्ना आणि सिंधूची झाडे हौसेने लावली जातात, पेटीवर मात्र नाव हापूसचेच लागते. २०१८ मध्ये कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर त्या नावाची किंमत आणखी वाढली. गिऱ्हाईक नाव आणि वास विकत घेते, आणि हापूसचा तो वास संकरात जसाच्या तसा उतरत नाही. वर्षाआड येण्याचे दुखणेही बागायतदाराने जात बदलून सोडवले नाही. मुळाशी पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बाजारातले कल्टार, घालून सोडवले. विद्यापीठानेच त्याची शिफारस केली आणि उत्पन्नाला त्याचा आधार झाला. पण एकाच जातीवरची भिस्त त्यामुळे आणखी घट्ट झाली, हेही खरे.

वेंगुर्ल्याच्या याच केंद्राचे काजूतले काम पाहिले की फरक ध्यानात येतो. काजू आंब्याच्याच कुळातला, पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला. वेंगुर्ले तालुक्यातल्या अणसूर आणि वेतोरे या गावांची नावे लागलेली झाडे आणि बंगालच्या मिदनापूरकडची झाडे यांच्या संकरातून वेंगुर्ला-४ निघाली, पुढच्या संकरांतून मोठ्या बियांची वेंगुर्ला-७ आली, आणि कोकणाने त्या आनंदाने लावल्या. काजूचे गिऱ्हाईक जातीचे नाव विचारत नाही, गराचे वजन पाहते. त्यामुळे माझ्या मते वेंगुर्ल्याचे आंब्यातले काम फसले असे म्हणणे अन्यायाचे आहे. जाती तयार आहेत, गुण सिद्ध आहेत. हवामान असेच लहरी होत गेले आणि हापूसचा मोहोर वर्षामागून वर्ष हुकू लागला, तर याच जातींकडे वळावे लागेल. एकाच झाडाच्या लक्षावधी प्रती एकाच हवामानाला एकाच तऱ्हेने बळी पडतात. त्यातली एखादी तग धरेल अशी आशा तिथे नसते.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा पसारा मांडला ती सांगतो. पुढचा कोणताही संकर करायचा तर कच्चा माल कुठून येणार? गव्हा-ज्वारीचे बी वाळवून शीतगृहात वर्षानुवर्षे ठेवता येते. आंब्याची कोय वाळली की मरते. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रसिद्ध बीजकोठारात आंब्याला जागा नाही, कारण तिथे त्याचे काही टिकणारच नाही. आंबा जिवंत झाडाच्या रूपातच जपावा लागतो. लखनौजवळ रेहमानखेड्याला केंद्रीय संस्थेने सातशेहून अधिक प्रकार झाडांच्या रूपात सांभाळले आहेत. पुण्याची गणेशखिंड बाग जैवविविधता वारसा स्थळ झाली आहे. पण खरा साठा अजून गावात, बांधावर, देवळामागे उभा आहे. तो म्हणजे कलम न करता कोयीतून आपोआप वाढलेला रायवळ आंबा.

रायवळचे प्रत्येक झाड वेगळे. कोणाचा शेपू वासाचा, कोणाचा गोटीएवढा पण मधासारखा, कोणी जूनमध्ये पिकणारा, कोणी दरवर्षी न चुकणारा. लोकांनी त्यांना बिटकी, खोबरा, साखरा अशी नावे देऊन ठेवली आहेत. यातल्या एखाद्या झाडात करप्याला दाद न देणारे जनुक असेल, एखाद्यात थंडी हुकली तरी मोहोर धरण्याची ताकद असेल. आणि हापूसची कलमेसुद्धा उभी असतात ती रायवळच्याच मुळांवर. पावसाळ्याच्या तोंडाला रायवळचा बाठा रुजवायचा, तांबूस कोंब आला की पंधरवड्याच्या आत त्यावर हापूसची काडी बांधायची, हे कोय कलम कोकणच्या रोपवाटिकांचे रोजचे काम आहे. वरचा भाग सगळीकडे एकच, पण मुळे मात्र दर झाडाला निराळी. हापूसच्या बागेत जेवढी विविधता उरली आहे ती जमिनीखाली आहे आणि ती रायवळने दिलेली आहे.

हेच रायवळ सर्वांत आधी तोडले जाते. मुंबई-गोवा महामार्ग रुंद होताना रस्त्याकडेची किती जुनी झाडे गेली ते त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. बाकीची लाकडासाठी, घराच्या पायासाठी, ‘उंच आहे, आंबा काढायला माणूस मिळत नाही’ म्हणून जातात. शेजारच्या उत्तर कन्नड-शिमोगा भागात लोणच्याच्या कैरीची अप्पेमिडी झाडे नदीकाठच्या जंगलांतून हेरून, त्यांची कलमे करून लोकांनी आपल्या आवारात आणली, आणि आज तिला भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या लोणच्याच्या जिभेने जे जपले, ते आपल्याला आमरसाच्या जिभेने का जमू नये?

एक विनंती आहे. तुमच्या गावात वेगळ्या चवीचे, दरवर्षी धरणारे, उशिरा पिकणारे असे एखादे रायवळ असेल आणि ते तोडायचे ठरले असेल, तर कुऱ्हाड लावण्याआधी त्याच्या काड्या घ्या. तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड, टोकाचा डोळा फुगलेली काडी निवडा. आठवडाभर आधी तिची पाने देठ ठेवून कापा. ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी जवळच्या रोपवाटिकेत न्या आणि चार कलमे बांधून घ्या. दोन स्वतःच्या बांधावर लावा, दोन शेजाऱ्याला द्या, आणि झाडाचे गावातले नाव चिठ्ठीवर लिहून ठेवायला विसरू नका.