नभोमंडलाचे दफ्तर

आश्विन सरत आला की पावसाळी ढगांचा अंमल उठतो, हवेतील धूळ धुऊन निघालेली असते, आणि ज्या अमावास्येचा काळोख घरोघरी दिवे लावून आपण हुसकावून देतो, तीच रात्र गावाबाहेरच्या माळावर जाऊन बसणाऱ्याला वर्षातील उत्तम रात्रींपैकी एक ठरते, ही गोष्ट सणाच्या धामधुमीत सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. नऊच्या सुमारास माथ्याजवळ महाश्व तारकासमूहाचा चौकोन, त्याला लागूनच देवयानी, उत्तरेकडे शर्मिष्ठा, ईशान्येस ययाती आणि पूर्वेस वर आलेल्या कृत्तिका असा थाट असतो. आणि देवयानीत तिरप्या नजरेने पाहिले असता जो धुरकट ठिपका जाणवतो, तो सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर असलेली एक स्वतंत्र दीर्घिका होय. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. डोळे अंधाराला सरावण्यास अर्धा तास मात्र द्यावा लागतो.

आकाशाची ही गोडी मराठी वाचकाला लावण्याचे मोठे श्रेय शंकर बाळकृष्ण दीक्षितांकडे जाते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’सारखा प्रचंड ग्रंथ सिद्ध करणाऱ्या या पंडिताने ‘ज्योतिर्विलास’ लिहिताना त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे उपनाम द्यावे, यातच त्यांची रसिकता दिसते. पुढे 1944 साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली व या एकाकी छंदाला सोबत मिळाली.

परंतु निव्वळ मौजेच्या पलीकडेही या छंदाची एक पायरी आहे आणि ती नोंदीची. राधागोविंद चंद्र हे बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखून मोजणारे सामान्य नोकर. प्रवेश परीक्षेत वारंवार अपयश आलेले, पदवी नाही, सरकारदरबारी प्रतिष्ठा नाही. 1910 साली त्यांनी हॅलेचा धूमकेतू निरखला, 1918 साली गरुड तारकासमूहातील नवतारा स्वतंत्रपणे पाहिला, आणि पुढे रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा ताऱ्यांचे, वेध घेऊन ते अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेकडे इतक्या नेमाने धाडले की त्या संघटनेने आपली 6 इंची दुर्बीण समुद्रापार त्यांच्या हवाली केली. त्यांच्या नावावर 37,000 हून अधिक नोंदी दाखल आहेत. ती दुर्बीण कालांतराने खगोलशास्त्रज्ञ वेणू बापू यांच्याकडे गेली व अखेर कावळूरच्या वेधशाळेत पोहोचली. दिवसा नाणे पारखणारी नजर रात्री ताऱ्याचे तेज पारखीत होती. दोन्ही कामांत कसोटी एकच, ती म्हणजे माहीत असलेल्या वस्तूशी तुलना.

ही तुलना कोणालाही साधते. ययातीतील अल्गोल हा तारा घ्या. एरवी त्याची प्रत, म्हणजे तेजाचे माप (आकडा जितका मोठा तितका तारा फिका), 2.1 असते, म्हणजे देवयानीतील गॅमा ताऱ्याच्या तोडीची. पण 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार आड येतो आणि सुमारे पाच तासांत तो 3.4 प्रतीपर्यंत उतरतो, म्हणजे शेजारच्या 2.9 प्रतीच्या एप्सिलॉनहूनही फिका पडतो, व तितक्याच अवधीत पुन्हा पूर्वपदावर येतो. हे ग्रहण दर तिसऱ्या रात्री सुमारे सव्वातीन तास अलीकडे सरकत असल्यामुळे एका हंगामात ते सोयीच्या वेळी अनेकदा सापडते. मोठ्या वेधशाळांना एकाच ताऱ्यासाठी रात्रीमागून रात्र देणे परवडत नाही, आणि त्यांच्या यंत्रांना ठळक तारे उलट अतिप्रखर पडतात. म्हणून हौशी माणसाच्या साध्या डोळ्याला आजही काम शिल्लक आहे.

छंद जडताच महागडी दुर्बीण खरेदी करणारे पुष्कळ भेटतात. त्यांपैकी कित्येकांच्या दुर्बिणी माळ्यावर पडून असतात. म्हणून नवशिक्यांना एवढीच विनंती की या कार्तिकात प्रथम एक वही व पेन्सिल घ्यावी, विजेरीच्या काचेवर लाल कागद चिकटवावा, आणि अल्गोलच्या प्रत्येक अंदाजापुढे तारीख व वेळ न चुकता लिहावी; वेळ न लिहिलेली नोंद कोणाच्याच उपयोगी पडत नाही.