मंगळवार, सकाळी १०.२०

आठ एपिसोड एका बैठकीत, पहाटे चारला झोप आणि पहिल्या लेक्चरला डोळे लाल. असंच चाललंय ना तुमचंही? ‘स्काम’ मात्र आली तेव्हा अशी उरकता यायचीच नाही.

नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक वाहिनीची ही वेबसीरिज, २०१५ ते २०१७ मधली. ऑस्लोच्या हायस्कूलमधली पोरं. गंमत पुढेच आहे. सीन मंगळवारी सकाळी १०.२०चा असेल, तर ती छोटीशी क्लिप साइटवर मंगळवारी १०.२०लाच पडायची. आधी सांगणं-बिंगणं नाही! शुक्रवारी सगळे तुकडे जोडून एपिसोड. मधल्या वेळात पात्रांचे चॅट, इन्स्टा पोस्ट. नूराला रिप्लाय आला नाही, की तुम्हीही फोन धरून बसायचं. ती घालमेल बिंजमध्ये कुठून मिळणार?

युलिए आन्डेम यांनी लिहिण्याआधी खऱ्या मुलामुलींना गाठून भरपूर गप्पा मारल्या होत्या, ते जाणवतं. ‘स्काम’ म्हणजे लाज. इसाकला मुलगा आवडतो, हे तो आधी स्वतःपासूनच लपवतो. हिजाब घालणारी साना श्रद्धा आणि मैत्रिणींच्या पार्ट्या सांभाळताना दमते. आईबाबा पडद्यावर फारसे दिसतच नाहीत. (घरातही आपण त्यांना कितीसं दिसू देतो?)

पुढे फ्रान्स, इटली, जर्मनीने आपापली ‘स्काम’ काढली. मूळचे चारही सीझन आता पूर्ण आहेत. बघाल तेव्हा पडद्यावर पिवळ्या अक्षरांत येणारा वार आणि वेळ पाळून बघा. शुक्रवारचा सीन शुक्रवारीच.

मी बुधवारीच हरले.